माळ्यावरून काढलेला जुना ॲम्प्लिफायर: दुरुस्तीला देण्याआधी आणि दिल्यावर

प्रश्न थोडक्यात असा आहे. खानापूर तालुक्यातल्या घरी माळ्यावर वडिलांनी आखातातून आणलेला, १९८०च्या आसपासचा जपानी स्टिरिओ ॲम्प्लिफायर सापडला. पंधरा-वीस वर्षं बंद होता. पुसून लावला, तर डावीकडून गाणं बरं वाजलं, उजवीकडून नुसतंच घूंऽऽ, आणि दहा मिनिटांत गरम वास आला म्हणून बंद केला. बेळगावातल्या एका दुकानात सांगितलं, 'आतलं सगळं काढून नवीन बोर्ड टाकून देतो.' बोर्ड टाकावा का, आणि नाही तर चांगला मेकॅनिक कुठे मिळेल?

मेकॅनिकचं नंतर बघू. आधीचं काम म्हणजे तो सेट मेकॅनिकच्या टेबलावर पोचेपर्यंत आणखी बिघडू न देणं. माझ्याकडे येणाऱ्या जुन्या सेटांत वयानं गेलेल्या भागांपेक्षा 'परत एकदा लावून बघू' म्हणून घालवलेले भाग जास्त असतात. म्हणून आता तो लावू नका. पिन काढून ठेवा, आणि उजव्या बाजूचा स्पीकर सोडवून बाजूला घ्या.

उजव्याच बाजूचा का, ते सांगतो. बहुतेक स्टिरिओ सेटांत पॉवर सप्लाय दोन्ही बाजूंना एकच असतो. सप्लायची लहर सपाट करणारे मोठे फिल्टर कंडेन्सर वाळले असते तर घूं दोन्ही बाजूंनी आली असती. तुमच्याकडे ती एकाच बाजूला आहे आणि सोबत वास आहे. अशा वेळी पहिला संशय त्या बाजूच्या आउटपुट ट्रान्झिस्टरवर. तो शॉर्ट झाला की सप्लायचा सरळ डीसी स्पीकरवर जातो, आणि त्या डीसीवर उरलेली १०० हर्ट्झची लहर म्हणजे तुम्ही ऐकलेली घूं. तुमच्या वर्गाच्या सेटात सप्लाय साधारण अधिक-उणे ३५ व्होल्ट असतो. ८ ओहमच्या स्पीकरची कॉइल मीटरवर ६ ओहमच्या आसपास दाखवते. ३५ व्होल्ट त्यावर बसले म्हणजे दोनशे वॅटची शेगडी, तीही सुपारीएवढ्या जागेत. ट्रान्सफॉर्मरच्या मेन बाजूला हे दोनशे वॅट एक अँपिअरच्याही आत बसतात, त्यामुळे तिथला दोन अँपिअरचा फ्यूज शांत बसून राहतो. फ्यूज गेला नाही म्हणून सेट ठीक, असं म्हणता येत नाही. वास कदाचित ॲम्प्लिफायरचा नसेलही, स्पीकरच्या कॉइलचा असेल. स्पीकरच्या जाळीला नाक लावून बघा. मग मीटरवर मोजा: साडेपाच ते सात ओहम आले तर कॉइल शाबूत आहे. स्पीकरचा कोन, म्हणजे पडदा, दोन बोटांनी सारखा दाबून बघा. घासल्यासारखं लागलं तर कॉइल तापून फुगली आहे.

इथे एक गोष्ट सेटवर अवलंबून आहे. आत प्रोटेक्शन रिले असता आणि तो धड असता, तर त्यानं स्पीकर जोडलाच नसता आणि तुम्हाला घूं ऐकू आली नसती. काही जुन्या सेटांत रिले नसतोच, त्याऐवजी आउटपुटला मोठा कंडेन्सर असतो. त्या रचनेत डीसी पोचणं कठीण. मग घूंचं कारण दुसरं: तुटलेलं ग्राउंड, इनपुट जॅकची सैल बाहेरची कडी, किंवा त्या बाजूच्या प्रीॲम्पचा (आउटपुटच्या आधीच्या भागाचा) वाळलेला छोटा कंडेन्सर. साधी परीक्षा म्हणजे व्हॉल्यूम शून्यावर आणल्यावर घूं कमी झाली होती का, ते आठवा. कमी झाली असेल तर दोष व्हॉल्यूमच्या अलीकडे, म्हणजे स्वस्तातला. तसूभरही फरक पडला नसेल तर पलीकडे, आउटपुटला. हे आठवून सांगा, परत लावून तपासू नका.

घरी, पिन काढलेली असताना, साध्या मल्टिमीटरवर दोन मोजमापं करता येतात. सेटचा स्विच ऑन करून पिनच्या दोन टोकांत ओहम बघा. काही ओहमपासून काही दशकांपर्यंत आकडा आला तर ट्रान्सफॉर्मरचं प्रायमरी, म्हणजे मेनकडचं वेटोळं, सलग आहे. काहीच आलं नाही तर आधी फ्यूज. दुसरं, पिनची दोन्ही टोकं एकत्र धरून ती आणि उघडं लोखंडी चॅसिस यांत मोजा. इथे काहीच यायला नको. मल्टिमीटर मात्र जेमतेम नऊ व्होल्टवर मोजतो, त्याच्या शब्दावर चॅसिसला हात लावणं बरं नाही. खरी परीक्षा ५०० व्होल्टच्या मेगरची, म्हणजे इन्सुलेशन तपासायच्या मीटरची. आणि मेगर आपल्या भागात शोधावा लागत नाही. शेतीपंपाच्या मोटारी बांधणाऱ्या बहुतेक वायंडिंगवाल्यांकडे असतो. पिनची दोन टोकं एकत्र, आणि चॅसिस. एवढ्याच दोन जागी मेगर लावायचा, स्पीकरच्या किंवा इनपुटच्या जॅकला चुकूनही नाही. २ मेगओहमच्या खाली आलं तर सेट जोडायचाच नाही. पावसाळ्यात माळ्यावरून उतरवलेल्या सेटाचा आकडा नुसत्या ओलीनं खाली येतो. दोन दिवस कोरड्या खोलीत, झाकण काढून, मंद पंख्यासमोर ठेवा आणि पुन्हा मोजा. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात राहिलेल्या सेटांबद्दल हे विशेष.

झाकण काढाल तर काय दिसेल त्याची तयारी ठेवा. झुरळांची घाण, पालीची अंडी, आणि कुंभारमाशीनं हीट सिंकच्या (ट्रान्झिस्टर थंड ठेवणाऱ्या धातूच्या) पात्यांत बांधलेली मातीची घरं. ही माती पावसाळ्यात ओल धरते आणि ट्रान्झिस्टरच्या पायांत शॉर्ट करते. कोरड्या रंगाच्या ब्रशनं आणि फुंकणीनं काढायची, ओल्या फडक्यानं नाही. पेट्रोल, थिनर आत नको. समोरच्या पट्टीवरची छापील अक्षरं पहिल्या पुसण्यात जातात. व्हॉल्यूमच्या खरखरीला कॉन्टॅक्ट क्लीनर, किंवा ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल. नट-बोल्टचा गंज सोडवायचा तेलकट स्प्रे व्हॉल्यूममध्ये मारला की आठ दिवस बरं वाजतं, मग त्या तेलाला धूळ चिकटते आणि कार्बनची पट्टी घासून जाते.

मोठे कंडेन्सर, पेल्याएवढे उभे दोन, यांना हात लावू नका. पिन काढल्यावरही त्यांत चार्ज राहू शकतो. मेकॅनिक स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी काढत असेल तर सेट उचलून घरी या. चार्ज उतरवायची रीत म्हणजे २२० ओहम १० वॅटचा रेझिस्टर वायरला जोडून, इन्सुलेशनच्या पक्कडीनं धरून दहा-पंधरा सेकंद लावायचा आणि नंतर मीटरवर शून्य आल्याची खात्री करायची. स्क्रूड्रायव्हरच्या ठिणगीनं कंडेन्सरच्या आतलं टोक सुटू शकतं. ते आज कळत नाही, दोन महिन्यांनी कळतं.

आता बोर्डाचं. 'आतलं सगळं काढतो' म्हणणारा प्रत्येक जण फसवतो, असं मी म्हणणार नाही. ट्रान्सफॉर्मरचं प्रायमरी जळालं असेल, आउटपुटला जुना एसटीके जातीचा हायब्रिड आयसी असेल आणि खात्रीचा मिळत नसेल, किंवा घरच्यांना फक्त भजनं ऐकायची असतील, तर बोर्ड हा हिशेबी तोडगा आहे. पण तुमच्या सेटाची एक बाजू बरी वाजते. म्हणजे ट्रान्सफॉर्मर, रेक्टिफायर, फिल्टर आणि एक पूर्ण चॅनल जिवंत आहे. मेकॅनिकच्या दृष्टीनं ही चैन आहे, कारण चालू बाजूचं प्रत्येक व्होल्टेज बंद बाजूशी ताडून बघता येतं. डायग्राम नसला तरी चालतं. असा सेट बोर्ड टाकून रिकामा करणं मला पटत नाही. शिवाय तयार बोर्डाचा सप्लाय जुन्या ट्रान्सफॉर्मरशी जुळेलच असं नाही. २४ व्होल्टच्या बोर्डावर ३५ व्होल्ट गेले की पहिल्याच दिवशी धूर. तरीही बोर्डच टाकायचा ठरला तर जुने सगळे भाग पिशवीत घालून परत मागून घ्या.

मेकॅनिक ओळखायचा कसा? पाटीवरून नाही. मी त्याच्या टेबलावरची एकच वस्तू बघतो: सीरीज बल्ब. फेजच्या वायरीत ओळीनं जोडलेला ६० किंवा १०० वॅटचा फिलामेंटचा बल्ब, आणि त्यापुढे सेटचं सॉकेट. एलईडी बल्ब इथे चालत नाही. फिलामेंटचे मिळत नसतील तर हॅलोजन चालतो. सेट लावला की बल्ब क्षणभर लखकन पेटून मंद झाला, तर कंडेन्सर चार्ज झाले आणि सेट शांत आहे. लखलखीतच राहिला तर आत शॉर्ट आहे, पण सगळा भार बल्ब खातो आणि उरलेले ट्रान्झिस्टर वाचतात. मंद होऊन पुन्हा हळूहळू उजळायला लागला तर काहीतरी तापत जात आहे, लगेच बंद करायचा. बंद राहिलेला सेट थेट लाइनीवर लावून 'चालू करून बघू' म्हणणारा माणूस कितीही हुशार असला तरी जुन्या सेटाचा माणूस नाही. काही जण डिमरस्टॅटवर (व्होल्ट कमीजास्त करता येणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर) ३०-४० व्होल्टपासून वीस-वीस मिनिटांनी वाढवत नेतात. तेही चांगलं, कारण कंडेन्सरच्या आत ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर असतो, तो वर्षानुवर्षं वीज न मिळाल्यानं विरतो आणि हळूहळू व्होल्ट दिले की पुन्हा धरतो. डिमरस्टॅट लाइनीपासून वेगळं करत नाही, तिथे शॉक बसायचा तो बसतोच, एवढं लक्षात असू द्या.

दुकानात नंतर मोकळेपणानं विचारा: आउटपुटला डीसी किती आहे ते मोजून सांगाल का? ट्रान्झिस्टर एकच बदलणार की जोडी? काढलेले भाग परत द्याल का? मेकॅनिक कन्नड बोलणारा असो की मराठी, मिलिव्होल्टचा आकडा दोघांचा एकच. प्रश्नानं जो वैतागतो त्याच्याकडे ठेवू नका. खानापूरहून बेळगाव जवळ पडतं. निपाणी-चिकोडीकडच्यांनी कोल्हापूर आधी बघावं. भाग मात्र दोन्हीकडे हटकून मिळतील असं नाही. पुण्याची बुधवार पेठ, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, बेंगळुरूचा एसपी रोड इथून मागवावे लागतात, म्हणून 'उद्या या' पेक्षा 'पंधरा दिवस लागतील' म्हणणाऱ्यावर माझा भरवसा जास्त. वेळही साधा. गणपतीच्या आधी आणि शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या आधी हीच मंडळी मंडळांच्या साउंडमध्ये गळ्यापर्यंत बुडालेली असतात. दिवाळीनंतर द्या. हवाही कोरडी असते.

काय बदलावं यावर मतभेद आहेत. माझी पद्धत पायरीपायरीची. आधी उजव्या बाजूचा बिघाड: दोन्ही आउटपुट ट्रान्झिस्टर, त्यांच्या मागचे दोन ड्रायव्हर, आणि ०.२२ ते ०.४७ ओहमचे पाच वॅटचे एमिटर रेझिस्टर. आउटपुट शॉर्ट झाला की ड्रायव्हर किंवा एमिटर रेझिस्टर बरेचदा सोबत जातो. नुसते आउटपुट बदलून सेट परत दिला की चार दिवसांत तेच. ट्रान्झिस्टरखाली अभ्रकाची चकती आणि दोन्ही अंगांना पातळ पांढरी पेस्ट हवी. चकती विसरली तर कॉलेक्टर हीट सिंकला, म्हणजे बहुधा चॅसिसला, शॉर्ट. नकली मालाचा सुळसुळाट आहे. जुने २एससी२९२२ आणि २एसए१२१६ खात्रीचे मिळणं अवघड, २एससी५२०० आणि २एसए१९४३ सर्रास मिळतात पण त्यांतही नकली पुष्कळ. शिवाय त्यांचं अंग वेगळं, जुन्या जागेत सरळ बसत नाही. आणखी एक खोड सांगतो: जुन्या सर्किटात जास्त वेगवान ट्रान्झिस्टर घातला की कधीकधी गाणं न लावताच हीट सिंक तापतो. ते ऑसिलेशन असतं, म्हणजे सर्किट आपणहून थरथरत असतं. ऑसिलोस्कोपवर दिसतं, कानाला कळत नाही.

मग फिल्टर कंडेन्सर. समजा जुन्यावर ६८०० मायक्रोफॅरड ५० व्होल्ट लिहिलंय, तर नवा ६८०० ते ८२००, ६३ व्होल्ट, १०५ अंशांचा. 'दहा हजार नाही, बावीस हजार टाकू, बास वाढेल' हा सल्ला ऐकू नका. सुरू करतानाचा झटका वाढतो आणि रेक्टिफायर व स्विचचे कॉन्टॅक्ट मार खातात. छोट्या इलेक्ट्रोलिटिकांत गरम भागाजवळचे, १ ते १०० मायक्रोफॅरडचे आधी बदलायचे. पिवळे-तपकिरी फिल्म आणि सिरॅमिक कंडेन्सर सहसा बिघडत नाहीत. ते सरसकट उपटणं म्हणजे जुन्या तकलादू छापील पट्ट्या उखडायचं आमंत्रण. प्रत्येक टप्प्यानंतर सीरीज बल्बवर पुन्हा बघायचं. सगळं एकदम बदललं आणि एखादा उलटा लागला, तर चूक कुठली ते शोधण्यात दिवस जातो.

मेन स्विचवर ठिणगी विझवणारा छोटा कंडेन्सर असतो, आणि काही सेटांत लाइनीतून चॅसिसला जाणाराही असतो. तो गळायला लागला की चॅसिसला झिणझिण्या येतात. स्विचवरचा एक्स२ जातीचाच, चॅसिसला जाणारा वाय२ जातीचाच. साधा सहाशे व्होल्टचा तिथे बसवू देऊ नका. वाय२ बिघडला तरी शॉर्ट न होता ओपन होईल असाच बनवलेला असतो. साधा कंडेन्सर मात्र शॉर्ट होऊ शकतो, आणि मग २३० व्होल्ट थेट तुमच्या बोटाशी.

दुरुस्तीनंतर दुकानातच दोन तास वाजू द्या. स्पीकर जोडायच्या आधी दोन्ही बाजूंचा डीसी मोजून घ्या: ५० मिलिव्होल्टच्या आत उत्तम, शंभराच्या वर गेला तर पुन्हा बघायला सांगा. मग बायस, म्हणजे गाणं नसताना आउटपुट ट्रान्झिस्टरांतून वाहणारा शांत करंट. एमिटर रेझिस्टर ०.३३ ओहमचा असेल आणि त्यावर १० मिलिव्होल्ट दिसले तर ३० मिलिअँपिअर वाहतात. खरा आकडा त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्यायचा. बायस लावायचा जुना कार्बनचा प्रीसेट (छोटी फिरकी) हलवला की उडी मारतो, म्हणून तो आधी बदलायचा आणि मग बायस लावायचा. हे दोन आकडे पावतीच्या मागे लिहून घ्या. वर्षानं काही झालं तर पुढच्याला दिशा मिळते. ट्रान्सफॉर्मर जळाला असं कोणी सांगितलं, तर प्रायमरीवरच्या कागदाखाली छोटा थर्मल फ्यूज गेलाय का ते आधी बघायला सांगा. तो गेला असेल तर त्याच तापमानाचा नवा बसवायचा, वायरनं जोडून द्यायचा नाही. झाळताना पाय पक्कडीत धरले नाहीत तर नवा तिथेच उडतो. खरंच जळाला असेल, तर पंपाच्या मोटारी बांधणाऱ्याकडे ट्रान्सफॉर्मर देताना विचारा, की ऑडिओचे, मधल्या टॅपचे बांधलेत का. मोटर बांधणं आणि हे, दोन वेगळे हात आहेत.

भजनी मंडळाचा किंवा देवळातला जुना व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर असणाऱ्यांसाठी दोनच गोष्टी. आत ३०० ते ४५० व्होल्ट असतात, चार्ज उतरवायचा वर सांगितलेला रेझिस्टर तिथे चालत नाही, २२ किलोओहम १० वॅटचा लागतो. आणि स्पीकर न जोडता तो कधीच चालवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन फुटतं. ट्रान्झिस्टरच्या सेटाला स्पीकर नसला तरी काही होत नाही. जुना रेडिओ किंवा रेकॉर्ड प्लेयर असेल आणि आत यूएल८४, यूसीएल८२ असे 'यू'नं सुरू होणारे व्हॉल्व्ह दिसले तर तो मेन ट्रान्सफॉर्मरशिवाय असू शकतो, म्हणजे चॅसिस थेट लाइनीवर. तो घरी उघडायचाच नाही.

नेताना नॉब काढून ठेवा, सेट पायांवर उभा ठेवा. बसच्या डिकीत टाकू नका, पायाशी घ्या. ट्रान्सफॉर्मर जड असतो आणि आदळला की शेजारची पट्टी तडकते.

घरी परत आणल्यावर सॉकेटच्या अर्थिंगची खात्री करा. जुन्या कौलारू घरांत तिसरं भोक असतं, पण मागे वायरच नसते. मीटरवर फेज आणि अर्थ यांत २३०च्या आसपास आलं आणि न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-चार व्होल्ट आले, तर ठीक. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की लाइन तोडणारा स्विच) घरच्या बोर्डावर असेल तर आणखी चांगलं. आणि मागचा व्होल्टेज सिलेक्टर. आखातातून आलेला सेट २२० वर ठेवलेला असतो. आपल्याकडे रात्री पंप बंद झाले की लाइट २४५-२५० व्होल्टपर्यंत चढते, त्यामुळे आतला ३५चा सप्लाय चाळीसच्या घरात जातो आणि ५० व्होल्टच्या जुन्या कंडेन्सरांना फारशी सवड राहत नाही. पिन काढा, सिलेक्टर २४० वर सरकवा, आणि त्यावर चिकटपट्टी लावून टाका, म्हणजे झाडलोट करताना कुणाच्या बोटानं तो ११० वर जाणार नाही.